अंथरुणं घातली का?

आमच्या पिढीला झोप ही मोजायची वस्तू आहे हे पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. आता आपण कसे झोपलो हे सकाळी मनगटावरचं घड्याळ सांगतं. गाढ झोप एवढी, उथळ एवढी, स्वप्नांची एवढी, मधे जागे एवढे, आणि शेवटी शंभरपैकी गुण. गुण बरे पडले तर दिवसभर ताजंतवानं वाटतं. कमी पडले तर तोवर बरं असलेलं डोकं जड व्हायला लागतं. पूर्वी झोपेची परीक्षा एकाच प्रश्नाची असे. "लागली का झोप?" असं पाहुण्याला सकाळी विचारायचं, आणि त्याने "छान लागली" म्हणायचं. रात्रभर ढेकणांनी फोडून काढलेलं असलं तरी उत्तर तेच.

रात्रीची जेवणं उरकली, स्वयंपाकघर आवरलं, की आतून हाक यायची, "अंथरुणं घातली का?" प्रश्न कुणा एकाला उद्देशून नसायचा, त्यामुळे ज्याला तो आधी ऐकू येई तो आधी बहिरा होई. मग दिवसभर कोपऱ्यात रचून ठेवलेल्या वळकट्या सुटायच्या. खाली सतरंजी, वर ज्याच्या वाट्याला येईल त्याला गादी, बाकीच्यांना जुन्या लुगड्यांच्या घड्या, पांघरायला गोधडी. भिंतीकडे कोण, दाराशी कोण, पंख्याच्या बरोबर खाली कोण, याचे तंटे रोज नव्याने होत आणि रोज त्याच पद्धतीने सुटत. धाकट्यांना मधली जागा हवी असे. भुताने यायचंच ठरवलं तर त्याला आधी दोन्हीकडची माणसं ओलांडावी लागतील, हा त्यामागचा हिशेब. उन्हाळ्यात सगळा बाडबिस्तरा अंगणात किंवा गच्चीवर जाई, मुंबईत चाळीच्या गॅलरीत. गिरणगावातल्या खोल्यांत तर अंथरूणही पाळीने चाले. दिवसपाळीचा माणूस उठून भोंग्याबरोबर गेला की रातपाळीचा येऊन त्याच जागेवर पडे.

या सगळ्याला फार हळवं होऊन चालणार नाही. त्या अंथरुणांत ढेकूण होते. सुट्टीच्या दिवशी खाटा उन्हात टाकून त्यांच्या सांध्यांत रॉकेल किंवा टिक-ट्वेंटी सोडणं हा घरकामाचा भाग होता, आणि उशाशेजारच्या भिंतीवर रात्री चिरडलेल्यांचे तपकिरी डाग ही त्या काळातली सर्वत्र आढळणारी सजावट. मच्छरदाणीत अडकलेला एक डास बाहेरच्या शंभरांना भारी पडे. एकजण खोकला की पाचजण जागे होत. एकाला बाहेर जायचं असलं की तो चौघांच्या पायांवर पाय देऊन जाई. नव्या जोडप्याचं या व्यवस्थेत काय होत असेल, हा प्रश्न त्या वयात आम्हाला पडला नाही, आणि पडला तोवर आम्ही ब्लॉकमध्ये राहायला गेलो होतो.

आता ज्याला त्याला खोली आहे. गादी पाठीचा विचार करून घेतलेली, एसी चोविसावर, पडदे असे की भर दुपारीही रात्र व्हावी. कुणी कुणाला ओलांडत नाही. अंथरुणं घालायचा प्रश्नच उरलेला नाही, कारण पलंग दिवसभर घातलेलाच असतो. सगळी तयारी चोख आहे, फक्त झोप उशिरा येते.

पूर्वी ती यायची गोष्टीतून. गोष्ट सांगणाऱ्याची एकच अट असे, ऐकणाऱ्याने 'हं' म्हणत राहायचं. हं नाही तर गोष्ट नाही. राजा शिकारीला निघाला. हं. वाटेत त्याला तहान लागली. हं. विहिरीपाशी एक म्हातारी बसली होती. आधी ठणठणीत असलेला हं हळूहळू लांबत जाई, मग अर्ध्यावर तुटे, मग एखादं वाक्य सोडून येई, आणि मग येत नसे. आजी जरा थांबून विचारी, "झोपलास का रे?" "नाही, जागाच आहे," असं उत्तर आलं की ती पुन्हा म्हातारीपासून सुरुवात करी. त्या राजाचं पुढे काय झालं हे आमच्यातल्या कित्येकांना आजही माहीत नाही.

ते 'जागाच आहे' खोटं नव्हतं. झोपेची पहिली पायरी, जिला आता एन-1 म्हणतात, ती इतकी पुसट असते की तिच्यातून उठवलेला माणूस बहुधा आपण झोपलोच नव्हतो असं ठासून सांगतो. ही पायरी काही मिनिटांचीच. मेंदूच्या लहरी संथ होतात, पापण्यांआड डोळे सावकाश फिरतात, मधेच पायरी चुकल्याचा भास होऊन अंग दचकतं. मग एन-2 लागते. तिच्यात मेंदू अधूनमधून जलद लहरींचे छोटे झुबके सोडतो, आणि मोठ्या माणसाची जवळजवळ अर्धी रात्र याच पायरीवर जाते. जर्मनीत येना इथे हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूच्या लहरी पहिल्यांदा 1924 मध्ये नोंदल्या. 1937 मध्ये अमेरिकेत आल्फ्रेड लूमिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या लहरींवरून झोपेचे टप्पे पाडले, 1968 मध्ये टप्पे ओळखायची नियमपुस्तिका निघाली, आणि 2007 मध्ये ती सुधारून गाढ झोपेच्या दोन पायऱ्यांची एक केली. एवढा खटाटोप करून शास्त्र जिथे पोचलं तिथे आजी नुसत्या 'हं'वर पोचत असे. असं लिहायला बरं वाटतं खरं. पण आजीला पहिलीच पायरी ओळखता येई, आणि तीसुद्धा ती स्वतः आधी झोपली नाही तरच.

आता मुलांना गोष्टी सांगणारी अ‍ॅप आहेत. आवाज मधाळ, मागे पावसाचं संगीत, उच्चार आजीपेक्षा शुद्ध. त्यांना हं लागत नाही. मूल झोपलं तरी गोष्ट चालू राहते आणि राजाला शेवटी राणी मिळते, ऐकायला कुणी नसताना.

गोष्टीने भागलं नाही तर आणखी उपाय असत. तान्ह्याला झोळी किंवा पाळणा, थोरांना झोपाळा. ज्यांची झोप उडाली असेल त्यांच्या तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने घासायचं, वाटी आणि पाय दोन्ही काळे होईपर्यंत. 'उष्णता निघते' असं त्याचं कारण सांगितलं जाई, आणि विज्ञान शाखेत प्रवेश घेतल्यावर आम्ही त्याला हसलो. 1999 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या संशोधकांनी दाखवलं की हातापायांच्या रक्तवाहिन्या पसरून तिथून उष्णता बाहेर पडू लागली की झोप लवकर लागते, म्हणजे गरम तळपाय ही झोपेची नांदी असते. 2011 मध्ये जिनिव्हात मोठ्या माणसांना हलत्या पलंगावर दुपारचं निजवून पाहिलं, तर स्थिर पलंगापेक्षा ती लवकर झोपली. पाळण्याची दोरी ओढणाऱ्या बाईला हे कुणी कळवलं नाही. आता काशाची वाटी मॉलमध्ये फिरत्या यंत्राच्या रूपात भेटते. पैसे भरून खुर्चीत बसायचं आणि तिथेही मोबाइल बघत राहायचं.

मोबाइलवर आमच्या पिढीचा राग आहे, आणि तो साधार आहे. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी खास निळसर उजेड ओळखतात आणि 'दिवस आहे' असा निरोप मेंदूतल्या घड्याळाला देतात. मग अंधाराची खबर शरीरभर पोचवणारं मेलाटोनिन पाझरायला उशीर होतो. कंदिलाच्या तांबूस उजेडात ही फसवणूक फार होत नसे. यावरून आम्ही लगेच सिद्धान्त मांडतो की वीज नव्हती तेव्हा माणसं कशी नऊ-नऊ तास गाढ झोपत. हा सिद्धान्त मात्र टिकत नाही. टांझानियातले हाद्झा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले त्सिमाने, या विजेशिवाय राहणाऱ्या तीन समाजांची झोप मोजली गेली, तिचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. ती माणसं रात्री सरासरी पावणेसहा ते सात तासच झोपतात, आणि सूर्य मावळला की लगेच आडवी होत नाहीत. गप्पा मारत तासन्‌तास बसतात. म्हणजे आपल्यासारखीच. गप्पा तेवढ्या आपल्यापेक्षा जास्त.

मग आमच्या आठवणीतली ती झोप कुठली? रात्री ओट्यावर मोठ्यांच्या गप्पा ऐकता ऐकता डोळे मिटायचे आणि सकाळी ते माजघरात उघडायचे. मधल्या वेळात कुणीतरी उचललं, उंबरे ओलांडले, अंथरुणावर टाकलं, पांघरूण घातलं, आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही. लग्नघरात बेंडबाजा वाजत असताना मुलं सतरंजीवर निपचित पडलेली असत. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात ट्रंकेवर, सामान ठेवायच्या फळीवर, कुणाच्याही मांडीवर झोप लागे. या झोपेला आता एन-3 म्हणतात. तिच्यात मेंदूच्या लहरी उंच आणि अगदी संथ होतात, उठवून माणूस उठत नाही, उठलाच तर काही वेळ भलतंच बडबडतो. वाढीच्या संप्रेरकाचा मोठा लोट रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेतच सुटतो. मूल झोपेत वाढतं हे घरातल्या बायका सांगत ते शब्दशः खरं होतं.

आमच्या हळहळीची गोची नेमकी इथे आहे. ही गाढ झोप लहानपणी भरपूर असते, किशोरवयापासून उतरणीला लागते, आणि मध्यमवयात पुष्कळच आटलेली असते. ओटा, माजघर, कंदील, गोधडी सगळं जसंच्या तसं आणून ठेवलं आणि आज आम्हाला त्यात झोपवलं, तरी आम्ही पहाटे तीनला उठून छताकडे बघत पडू. आम्ही ज्या झोपेचा शोक करतो ती जुन्या काळाची नव्हे, जुन्या वयाची. आमची नातवंडं आज एसीत तशीच झोपतात. त्यांनाही पार्टीतून उचलून गाडीत घालतात, गाडीतून लिफ्टमध्ये, आणि सकाळी ती आपापल्या खोलीत उठतात. पन्नास वर्षांनी तीही लिहितील, की लिफ्ट होत्या तेव्हा झोप कशी छान लागायची.

घड्याळाने ही गोची वाढवून ठेवली आहे. सकाळी ते दाखवतं की गाढ झोप कमी झाली, आणि आम्ही रात्री ती वाढवायच्या काळजीत जागे राहतो. 2017 मध्ये अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांनी या काळजीला 'ऑर्थोसोम्निया' असं नावही दिलं. त्यात मौज अशी की मनगटावरच्या यंत्राला मेंदूच्या लहरी दिसतच नाहीत. हालचाल आणि नाडी यांवरून ते पायऱ्यांचा अंदाज बांधतं. आजीचा हं यापेक्षा फार कच्चा नव्हता.

झोपायचं कशासाठी, हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नाही. दमलं की झोपायचं, एवढंच. आता बरंच सांगता येतं. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेचा दाब वाढवतं. चहा-कॉफीतलं कॅफिन त्याची जागा अडवून हा दाब फक्त झाकतं, कमी करत नाही. झोपेत दिवसभराच्या आठवणी पक्क्या होतात. रात्री म्हटलेला पाढा सकाळी जास्त नीट येतो हा मास्तरांचा अनुभव खराच होता. 2013 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून असं दिसलं की झोपेत मेंदूच्या पेशींमधली जागा रुंदावते आणि द्रवाबरोबर दिवसाचा कचरा वाहून जातो. ही धुलाई माणसात नेमकी कशी आणि किती चालते यावर शास्त्रज्ञांचे वाद चालू आहेत.

झोपेची उधारी फेडावी लागते हे पंढरपूरला पूर्वीपासून ठाऊक असावं. एरवी तिथे रोज रात्री शेजारती होते आणि पहाटे काकडआरतीने देवाला उठवतात. आषाढात एकादशीला देव चार महिने झोपी जातो असं पंचांग सांगतं, आणि पंढरपुरात नेमका त्याच सुमाराला देवाचा पलंग काढतात. वारकऱ्यांची रांग रात्रभर चालते, देव उभाच. गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा होते. देवाला गरम पाण्याने स्नान, शिणवटा जावा म्हणून काढा, आणि मग पलंग परत. सॅन डिएगोच्या रँडी गार्डनर या शाळकरी मुलाने 1964 मध्ये अकरा दिवस जागून दाखवलं, त्यानंतर तो पहिल्या रात्री साडेचौदा तासांच्या आसपास झोपला. लक्ष्मण चौदा वर्षं जागला असं कथा सांगते. त्याची उधारी कुणी आणि कशी फेडली हे विचारायची आमच्या घरी सोय नव्हती.

उठवायची सोय मात्र भरपूर. कोंबडा, वासुदेवाच्या चिपळ्या, गिरणीचा भोंगा, आकाशवाणीची सुरुवातीची धून, आणि गजराचं घड्याळ. त्याचा आवाज कमी वाटला तर ते पितळी ताटात ठेवायचं. हे काहीच नसेल तर उशीला सांगून झोपायचं, पाचला उठव. आणि खरोखर पाचच्या सुमाराला जाग यायची. 1999 मध्ये जर्मनीत ल्युबेकच्या संशोधकांनी काहीजणांना 'सहाला उठवू' असं सांगून झोपवलं, तर त्यांच्या रक्तातलं जागेपणाची तयारी करणारं संप्रेरक त्या वेळेआधी तासभर वाढू लागलं. उशीने नाही तर मेंदूने ऐकलं होतं एवढंच.

ज्यांना कुणी उठवायचं नसे, त्या आधीच उठलेल्या असत. जात्यावरच्या ओव्यांचं आपण फार कौतुक करतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पाने गावोगाव हिंडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्या वाचताना छाती भरून येते. पण त्या कधी गायल्या जात? रात्र सरायच्या आत, घरातले सगळे पांघरुणात असताना. ते अपुऱ्या झोपेतून आलेलं वाङ्मय आहे. सर्वांत शेवटी जिचं अंथरूण पडे आणि सर्वांत आधी जिचं उचललं जाई, तिची झोप छान होती की नाही हे आमच्या स्मरणरंजनात कुठेच येत नाही. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा ओव्या गेल्या म्हणून पुरुष हळहळले. बायका जरा उशिरा उठू लागल्या.

मुलांना पहाटे चारला उठवून अभ्यासाला बसवणंही तेव्हा पुण्याचं काम होतं. आता ते कुणी करत नाही, शाळेची बस करते. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा निर्णय काढला. मुलांची झोप पुरी होत नाही हेच कारण. निर्णय चांगला. पण लहान मुलं आपोआप लवकर उठतात. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, त्यामुळे रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी जाग येत नाही, ती आठवी-नववीतली मुलं अजून सात वाजता वर्गात पेंगत बसलेली आहेत. आमच्या वेळी पेंगणाऱ्याला खडू फेकून मारत. आता पालकांना मेसेज जातो.

दुपारच्या डुलकीवर फार लिहीत नाही, पुणेकरांवर पुरेसे विनोद होऊन गेले आहेत. जेवण न घेताही दुपारी एक ते तीनच्या सुमाराला शरीराची सावधता जरा ढळतेच, हे शास्त्र आता पुणेकरांच्या आणि गोवेकरांच्या बाजूने आहे. फक्त आता दुकानं उघडी असतात.

घोरणं हा पूर्वी विनोदाचा विषय होता. आजोबांचं घोरणं चढत जाई, मधेच थांबे, घरभर शांतता पसरे, आणि मग हबका घेऊन पुन्हा सुरू होई. आम्ही पोरं ती शांतता मोजून पैजा लावत असू. ती शांतता म्हणजे श्वास थांबलेला होता हे कुणालाच माहीत नव्हतं. या आजाराची नीट ओळख 1970 च्या दशकात झाली, आणि 1981 मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र वापरून दाखवलं. आता गल्लीतल्या दोन-तीन घरांत ते असतं. यंत्र लावून झोपलेला माणूस दिसतो भयंकर, पण सकाळी उठतो. 'झोपेत गेले, पुण्यवान माणूस' असं म्हणून आपण ज्यांना निरोप दिला, त्यांतले काही आणखी थोडे दिवस कमी पुण्यवान राहू शकले असते.

तान्हं मूल झोपेत हसलं की आजी म्हणे, सटवाई हसवतेय; ओठ काढले की म्हणे, सटवाई रडवतेय. मिटल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर हलताना तिने पाहिलेली असत. शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की यांनी आपल्या आठ वर्षांच्या मुलाला यंत्राला जोडून हेच पाहिलं, आणि 1953 मध्ये नॅथॅनिएल क्लाइटमन यांच्यासह ते जगाला सांगितलं. झोपेत डोळे वेगाने फिरतात, मेंदू जागेपणीइतका कामात असतो, अशी एक वेगळीच झोप रात्री दर दीड तासाने येते. तिला रेम म्हणतात. नवजात बाळाची निम्मी झोप याच जातीची. मोठ्यांची पाव किंवा त्याहून थोडी कमी. या झोपेत स्नायू जवळजवळ लुळे ठेवलेले असतात, नाहीतर आपण स्वप्नात धावताना खरेच धावलो असतो. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून सुटतात. डोळे उघडे, हात उचलत नाही, ओरडता येत नाही, आणि छातीवर कुणीतरी बसलंय अशी खात्री. तेव्हा त्याला मुंजा बसला म्हणत आणि अंगारा लावत. आता डॉक्टर 'स्लीप पॅरालिसिस' म्हणतात आणि वेळेवर झोपा असं सांगतात. मुंजा गेला हे बरंच झालं. त्याच्यामुळे आमच्यातल्या कित्येकांनी संध्याकाळनंतर पिंपळाखालून जायचं सोडलं होतं.

पण मुंजाबरोबर सकाळचा एक तासही गेला, आणि या सगळ्या यादीत खरी चुटपूट मला त्याचीच लागते. चहाच्या वेळी स्वप्नं सांगितली जायची. आई चुलीशी, आम्ही पाटावर, कुणीतरी म्हणायचं, "काल काय मेलं स्वप्न पडलं," आणि सगळे कान टवकारायचे. दात पडल्याचं स्वप्न असलं की आजी गप्प होई. साप दिसला की तिचा चेहरा उजळे. गेलेला माणूस दिसला तर तो बोलला का, त्याने काही मागितलं का, याची चौकशी होई आणि कधी त्याच्या आवडीचा पदार्थ त्या दिवशी कावळ्यासाठी पत्रावळीवर पडे. पहिल्या प्रहरातल्या स्वप्नाचं फळ वर्षाने, पहाटेचं लगेच, असा हिशेब होता. पहाटेचं स्वप्न खरं ठरतं याला काही पुरावा नाही. मात्र रात्र सरत जाते तशी गाढ झोप कमी होऊन रेमचे हप्ते लांबत जातात, आणि पहाटे आपण बहुधा त्यांतूनच उठतो. त्यामुळे आठवतं ते पहाटेचं, आणि आठवतं त्याचंच भाकीत होतं. सांगणारे थापाही मारत असत. सलग तीन दिवस घोड्यावरून पडल्याचं स्वप्न सांगून शाळा चुकवणारे वीर प्रत्येक घरात होते.

स्वप्न का पडतं यावर तेव्हापासून आजवर एकमत नाही. फ्रॉइडने 1900 च्या सुमाराला त्यात दडपलेल्या इच्छा पाहिल्या. 1977 मध्ये हॉब्सन आणि मॅककार्ली म्हणाले, मेंदूच्या बुंध्यातून येणाऱ्या संदेशांची वरचा मेंदू जमेल तशी गोष्ट जुळवतो. 1983 मध्ये क्रिक आणि मिचिसन यांनी सुचवलं की आपण नको ते विसरण्यासाठी स्वप्नं पाहतो. ही शेवटची कल्पना आजीला पटली नसती. विसरायचं तर चहाच्या वेळी सांगायचं कशाला?

आता कुणी सांगत नाही. स्वप्नं पडत नाहीत असं नाही. रेममधून उठवलेली माणसं दहापैकी आठ वेळा स्वप्न सांगतात, हे 1957 मध्येच नोंदलं गेलं आहे. पण स्वप्नाची आठवण काही मिनिटांतच विरते, आणि ती मिनिटं आता फोनची आहेत. गजर बंद करायला हात जातो, गजराखाली अकरा निरोप दिसतात, त्यांतला एक ऑफिसचा असतो, आणि रात्रभर मेंदूने जुळवलेलं सगळं बोटाच्या एका सरकण्याबरोबर निघून जातं. ढेकूण परत नको, अंगारा नको, पहाटे तीनचं जातं तर मुळीच नको. पण घरातल्या चार माणसांना रात्री काय दिसलं हे सकाळी एकमेकांना माहीत असायचं, ते आता नसतं. आणि याला वय कारण नाही, आपली सवय कारण आहे.

तेव्हा एवढं करा. गजरासाठी जुनं साधं घड्याळ आणा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सकाळी जाग आली की मिनिटभर तसेच पडून राहा, आणि चहाला बसलात की घरातल्या कुणालातरी विचारा, "काल काय स्वप्न पडलं?" पहिल्या दिवशी "आठवत नाही" असं उत्तर येईल. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. कुणी थाप मारली तरी ऐकून घ्या, आणि मधेमधे हं म्हणा.